हापूसच्या थेट विक्रीसाठी पुठ्ठ्याचे बॉक्स कसे निवडावेत?

कोकणातील अनेक आंबा बागायतदार आता वाशीच्या बाजार समितीबरोबरच पुणे, नाशिक, नागपूर येथील ग्राहकांना एक किंवा दोन डझनाचे बॉक्स थेट पाठवतात. घाऊक बाजारात पेटी उघडून फळ पाहिले जाते, दर ठरतो आणि व्यवहार संपतो. थेट विक्रीत बॉक्स ग्राहकाच्या घरातच उघडतो. आत दबलेली, डागाळलेली फळे निघाली, तर ती बदलून देण्याचा खर्च तुमचा असतो आणि पुढच्या हंगामातील मागणीही जाते. म्हणून बॉक्सची निवड हा काढणीपश्चात व्यवस्थापनाचाच भाग समजावा.

काही वर्षांपूर्वी एका बागायतदार गटाने बॉक्सची छपाई दाखवायला नमुना आणला होता. रंग छान, नाव ठळक. मीही तेवढेच पाहून होकार दिला. पहिल्या मोठ्या खेपेत गाडीतील खालच्या दोन थरांचे बॉक्स बसले. फळे वरून धड दिसत होती, पण पिकल्यावर दाब पडलेल्या जागी काळपट, मऊ डाग आले. चूक बॉक्स बनवणाऱ्याची नव्हती. गाडीत किती थर लागणार आहेत, हे आमच्यापैकी कोणी त्याला सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी फळ, मग प्रवास, मग पुठ्ठा आणि सर्वांत शेवटी छपाई.

१. फळापासून सुरुवात करा

बॉक्स कितीही चांगला असला, तरी काढणीतील चूक तो झाकू शकत नाही. फळे १४ आणे (सुमारे ८५ टक्के) पक्वतेची असावीत. नूतन झेल्याने देठासह काढावीत, चीक सालीवर पडू देऊ नये, उन्हात ढीग करू नये. वजनानुसार प्रतवारी झाल्यावरच बॉक्सच्या मापाचा विचार करावा.

माप काढण्यासाठी तुमच्या बागेतील एका प्रतीची २० ते २५ फळे घ्या. त्यांची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. सरासरी न घेता त्या प्रतीतील मोठ्या फळाचे माप धरा. उदाहरणार्थ, सुमारे २५० ग्रॅमच्या प्रतीत मोठे फळ ९.५ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद आणि ६.५ सेंमी जाड आले असे समजू. एक डझन फळे एकाच थरात ३ बाय ४ अशी ठेवायची आहेत.

- लांबी : ९.५ × ३ = २८.५ सेंमी. मधल्या पट्ट्या व मोकळीक धरून ३० सेंमी.
- रुंदी : ७ × ४ = २८ सेंमी. पट्ट्या व मोकळीक धरून ३० सेंमी.
- उंची : ६.५ सेंमी फळ, खाली कागदाच्या कातरणाचा थर आणि वर किमान १ सेंमी मोकळी जागा धरून ९ सेंमी.

वरची मोकळी जागा महत्त्वाची आहे. झाकण फळांना टेकले, की वरच्या बॉक्सचे ओझे पुठ्ठ्याऐवजी फळांवर येते. ती जागा कागदाच्या कातरणाने हलकेच भरावी, म्हणजे फळे हलणार नाहीत. मात्र दाबून भरू नये.

ही सर्व मापे आतली आहेत. मागणी नोंदवताना ‘आतले माप’ असे स्पष्ट लिहून द्या. ५ प्लायचा पुठ्ठा साधारण ७ मिमी जाड असतो. त्यामुळे वरील बॉक्सचे बाहेरचे माप सुमारे ३१.५ × ३१.५ सेंमी होते. वर-खाली दुहेरी घडी येत असल्याने उंची जवळपास १२ सेंमी होते. आतले-बाहेरचे या एका गोंधळामुळे हंगामाच्या तोंडावर शेकडो बॉक्स लहान पडतात.

२. प्रवास कसा होणार, हे ठरवा

स्वतःच्या गाडीने शहरातील एका ठिकाणी माल नेऊन वाटणे, एसटी किंवा खासगी बसने पाठवणे आणि कुरिअरने पाठवणे हे तीन वेगवेगळे प्रवास आहेत. पहिल्यात बॉक्स तुमच्याच देखरेखीखाली दोनदा हाताळला जातो. कुरिअरमध्ये तो अनेकदा उचलला, टाकला जातो, आडवाही होतो. सर्व मार्गांसाठी एकच बॉक्स वापरायचा असेल, तर सर्वांत कठीण प्रवास गृहीत धरावा.

तळाच्या बॉक्सवर किती ओझे येईल, याचा हिशेब सोपा आहे. वरील एक डझनाचा बॉक्स फळांसह सुमारे ३.५ किलो भरतो. एकावर एक असे १० बॉक्स रचले, तर तळाच्या बॉक्सवर ९ बॉक्सचे, म्हणजे ३१.५ किलो ओझे येते. पण दमट हवा, घाटातील हादरे, हवेची छिद्रे आणि दोन-तीन दिवस सतत पडणारा भार यांमुळे पुठ्ठ्याची ताकद घटत जाते. म्हणून प्रत्यक्ष ओझ्याच्या किमान चौपट ताकद मागावी. येथे ती सुमारे १२६ किलो येते. हा आकडा बॉक्स उत्पादकाला ‘कॉम्प्रेशन स्ट्रेंग्थ’ म्हणून सांगा. तो तपासून देणारा उत्पादक निवडा.

कुरिअरचा दर ठरताना प्रत्यक्ष वजनासोबत आकारमानही पाहिले जाते. अनेक कंपन्या लांबी × रुंदी × उंची (सेंमी) या गुणाकाराला ५००० ने भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त, त्यावर आकारणी करतात. आपल्या बॉक्सचे हे वजन सुमारे २.४ किलो येते, म्हणजे आकारणी प्रत्यक्ष ३.५ किलोवर होईल. तीच फळे ४० × ३५ × १५ सेंमीच्या बॉक्समध्ये घातली, तर ४.२ किलोचे पैसे द्यावे लागतील. वर फळे आत हलतील ती वेगळीच. भागाकाराचा आकडा कंपनीनुसार बदलतो, तो आधी विचारून घ्यावा.

३. पुठ्ठा समजून घ्या

३ प्लायमध्ये दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी कागद (फ्लूट) असतो. ५ प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन नागमोडी कागद असतात. ३ प्लाय बॉक्स हातोहात देण्यासाठी, कमी थर रचण्यासाठी चालतो. लांबच्या वाहतुकीसाठी आणि कुरिअरसाठी ५ प्लाय घ्यावा.

मात्र ‘५ प्लाय’ एवढ्या शब्दावर दर ठरवू नका. हलक्या कागदाचा ५ प्लाय हा चांगल्या कागदाच्या ३ प्लायपेक्षाही कमकुवत निघू शकतो. दरपत्रकात पुढील गोष्टी लिहून मागा :

- प्रत्येक कागदाचे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन.
- प्रत्येक कागदाचा बीएफ, म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर. जीएसएम × बीएफ ÷ १००० केले की कागद किती दाबाला फाटेल, ते किलो प्रति चौरस सेंमीमध्ये कळते. उदाहरणार्थ, १५० जीएसएम, २० बीएफचा कागद ३ किलोचा दाब सोसतो.
- फ्लूटचा प्रकार. बी फ्लूट सुमारे ३ मिमी आणि सी फ्लूट सुमारे ४ मिमी उंच असतो. ई फ्लूट जेमतेम दीड मिमी असतो. तो छपाईला सुबक, पण थर रचण्यासाठी पुरेसा नाही.
- फ्लूटची दिशा. बाजूच्या भिंतीत नाळ्या उभ्या असाव्यात. आडव्या असतील, तर बॉक्स ओझ्याखाली लगेच बसतो.
- जोड. शक्यतो डिंकाने चिकटवलेला असावा. पिन मारलेली असल्यास टोके आत उघडी राहू नयेत. ती गंजतात आणि फळाला टोचतात.

या पाच गोष्टी सारख्या असतील, तरच दोन दरपत्रकांची तुलना होऊ शकते. माल आल्यावर रिकामा बॉक्स काट्यावर ठेवा आणि मंजूर केलेल्या नमुन्याच्या वजनाशी पडताळा. हलका भरला, तर कागद बदलला आहे.

जास्त दराचा बॉक्स परवडेल का, याचाही हिशेब मांडा. समजा, चांगला बॉक्स १२ रुपयांनी महाग आहे आणि डझनाचा दर ६०० रुपये, म्हणजे एक फळ ५० रुपयांचे आहे. चार बॉक्समागे एक फळ वाचले, तरी फरक भरून निघतो.

४. हवेची छिद्रे

आंबा काढणीनंतरही श्वसन करतो. त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. छिद्रे नसलेल्या बॉक्समध्ये घाम येतो, पुठ्ठा मऊ पडतो आणि देठाकडून कूज वाढते. बाजूच्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ५ टक्के भाग छिद्रांसाठी ठेवावा. आपल्या बॉक्सची बाजू ३१.५ × १२ सेंमी आहे. तेथे प्रत्येकी सुमारे २ बाय ३ सेंमीची, उभी व लांबट गोल अशी तीन छिद्रे पुरतात.

बॉक्सचे बहुतेक ओझे चार कोपरे पेलतात. म्हणून छिद्रे कोपऱ्यापासून किमान ५ सेंमी दूर असावीत. बॉक्स शेजारी शेजारी रचल्यावर छिद्रे समोरासमोर यावीत, म्हणजे हवा आरपार जाईल. त्याच कारणाने बॉक्स रचताना कोपऱ्यावर कोपरा यावा. विटांसारखी सांधेमोड रचना केली, की वरचा कोपरा खालच्या बॉक्सच्या मधल्या, कमकुवत भागावर येतो.

५. आत काय भरावे?

आंब्याखाली वर्तमानपत्र घालण्याची सवय सोडावी. अन्नपदार्थ गुंडाळण्यासाठी किंवा साठवण्यासाठी वर्तमानपत्राचा वापर करण्यास एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमावलीने मनाई केली आहे. छपाईची शाई फळाला लागते. त्याऐवजी कोऱ्या कागदाचे कातरण, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे कप्पे किंवा फळावर घालायची फोमची जाळी वापरावी. पेंढा आढीसाठी चांगला, पण तो ओला किंवा बुरशी आलेला असेल, तर बंद बॉक्समध्ये घालू नये. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवणे हा गुन्हा आहे.

६. छपाई : कायम काय, बदलते काय?

बॉक्सवर कायमचा मजकूर छापावा आणि बदलता मजकूर स्टिकरवर घ्यावा. बागेचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक आणि ‘ही बाजू वर’ अशी खूण छापील ठेवा. निव्वळ वजन व नग, पॅकिंगचा महिना-वर्ष, किंमत, प्रत हे स्टिकरवर येऊ द्या. बॉक्सवर वर्ष छापले, तर उरलेला माल वाया जातो. आवेष्टित मालावर काय लिहिणे बंधनकारक आहे, हे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांत दिले आहे. मजकूर छपाईला देण्यापूर्वी तो जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात दाखवून घ्यावा. पिकताना फळातील पाणी कमी होऊन वजन घटते, म्हणून छापील वजनापेक्षा थोडे जास्त भरावे.

‘हापूस’ला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक बॉक्सवर जरूर द्या. नामांकित बागांचे रिकामे बॉक्स गोळा करून त्यात दुसरीकडचा आंबा भरण्याचे प्रकार होतात. त्यासाठी झाकणाच्या सांध्यावर उघडताच फाटेल असे सील लावावे. रंग एक-दोनच ठेवावेत. प्रत्येक रंगाला वेगळा साचा लागतो. साचे आणि कटिंगची डाय तुमच्या मालकीची आहे, असे बिलावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरीकडेही काम करून घेता येईल.

एक छोटी चिठ्ठीही आत घालावी : ‘बॉक्स मिळताच उघडा. फळे मोकळ्या हवेत ठेवा. पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका.’ कच्चा आंबा १२ ते १३ अंश सेल्सिअसखाली राहिला, तर त्याला थंडीची इजा होते. तो नीट पिकत नाही आणि दोष मात्र बागायतदाराला दिला जातो.

७. मागणी देण्यापूर्वी चाचणी

डिसेंबर-जानेवारीत छपाई नसलेले दहा-बारा नमुने करून घ्या आणि तुमच्याच पडवीत तपासा.

- भार : एक बॉक्स भरून त्यावर फळी ठेवा. फळीवर तळाच्या बॉक्सवर येणारे ओझे (येथे ३१.५ किलो) २४ तास ठेवा. भिंती फुगल्या किंवा झाकण फळांना टेकले, तर बॉक्स नापास.
- आपटणे : कमरेच्या उंचीवरून एकदा तळावर, एकदा कोपऱ्यावर पाडा. जोड उसवता कामा नये.
- प्रवास : काही भरलेले बॉक्स खऱ्या मार्गाने ओळखीच्या व्यक्तीकडे पाठवा. हंगामाआधी हापूस नसेल, तर त्याच वजनाची दुसरी फळे भरा. चार दिवसांनी उघडून प्रत्येक डाग मोजायला सांगा.

नमुना पास झाल्यावर पहिल्या वर्षी अपेक्षित विक्रीच्या निम्म्याच बॉक्सची मागणी द्यावी आणि उरलेल्यासाठी तोच दर लिहून घ्यावा. आलेले बॉक्स जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर, कोरड्या जागी ठेवावेत. कोकणातला पावसाळा काढलेला बॉक्स दिसायला नवा असला, तरी त्याची ताकद घटलेली असते. तो लांबच्या प्रवासाला न वापरता स्थानिक विक्रीसाठी वापरावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. गावातील आठ-दहा बागायतदारांना प्रतीनुसार एक-दोन मापांवर एकत्र आणा. एकच डाय, एकत्रित मागणी आणि प्रत्येकाचे नाव स्टिकरवर, अशी पद्धत ठेवली, तर छोट्या बागायतदारालाही चांगला पुठ्ठा परवडतो. नमुन्याची चाचणी गटाच्या बैठकीत, सर्वांसमोर करा. ओझ्याखाली बसलेला बॉक्स एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुठ्ठ्याच्या दर्जाबद्दल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.