दस्तक आणि सरहद्द

परभणीनजीकच्या पेडगावाहून मुंबईस निघालेल्या गृहस्थाची मीटरगेज गाडी रोटेगाव सोडून नगरसूलकडे वळली, की निजामी मुलुखाची शीव ओलांडली जाई. बाहेर तेच माळ, तीच मराठी. पण गाठीचा हाली रुपया आता बदलून घ्यावा लागे. शंभर कलदारांस सुमारे ११६ हाली पडत. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, कारकून गाठोडी पाहत. माणूस कोण, यापेक्षा माल कोणता याचीच त्यांस चिंता अधिक!

पेशवाईत दूरच्या वाटेस निघणारा दस्तक घेई. त्यात त्याचे नाव, बरोबरची माणसे, घोडी-बैल यांची नोंद असे आणि चौकीदारांनी मुजाहीम होऊ नये अशी ताकीद. पाळत ठेवण्यापेक्षा वाट मोकळी करणे हेच या कागदाचे मुख्य काम.

युरोपात १९१४ पूर्वी रशिया व तुर्कस्तान सोडल्यास बहुतेक देशांत पासपोर्टावाचून फिरता येई. महायुद्धात हेरांच्या धास्तीने त्याची सक्ती झाली. युद्ध संपले, सक्ती मात्र राहिली. हिंदुस्थानातही १९२० साली तसा कायदा झाला. पुढे १९८५ च्या शेंगेन करारान्वये १९९५ पासून तेथील अनेक सरहद्दींवरील चौक्या उठल्या; तरी ओळखीचा कागद जवळ बाळगणे सुटले नाही.

इकडे १९४८ साली निजामी राजवट संपली. काही वर्षांत करोडगिरी व हाली नाणे गेले, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. आता रोटेगाव-नगरसूलदरम्यान लागते ती केवळ जिल्ह्याची हद्द. गाडीतल्या झोपलेल्या प्रवाशास ती कळतही नाही.