तीनचाकी मिळाली, शिकवणार कोण?

हाताने चालवायची तीनचाकी काही नवी नाही. १६५५ च्या सुमारास जर्मनीत श्टेफान फार्फलर या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने ती स्वतःसाठी बनवली. आपल्याकडे १९७२ साली कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८१ पासून केंद्राच्या योजनेतून अशी साधनं मिळू लागली. वाटप होतं, फोटो निघतात. पण मोठेपणी पहिल्यांदाच तीनचाकीवर बसणाऱ्याने हाताने पेडल फिरवत वळायचं कसं, उतारावर ब्रेक कधी दाबायचा, हे शिकायचं कुठे? त्यात आपली रत्नागिरी म्हणजे चढउतार नि जांभ्याच्या पाखाड्या! २०१६ चा कायदा दिव्यांगांना सुगम वाहतुकीचा हक्क देतो. म्हणून पुढच्या वाटपाला चार दिवस मैदानावर सराव, मग एखाद्या उतारावर, एवढं तरी मागूया.