प्रशिक्षणपट ते ‘यस मिनिस्टर’ : संवादशिक्षणाचा एक ब्रिटिश अध्याय

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ब्रिटनमध्ये प्रशिक्षणपटांच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना कामाच्या रीती शिकवण्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांच्या व्यवसायाला नवे वळण मिळाले. 1972 मध्ये अँटनी जे, विनोदी अभिनेते जॉन क्लीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ ही कंपनी स्थापन केली. बीबीसीच्या ‘टुनाइट’ या कार्यक्रमात अनुभव घेतलेल्या आणि आधुनिक कंपन्यांच्या कारभाराची मॅकियाव्हेलीच्या राजनीतीशी तुलना करणारा ग्रंथ 1967 मध्ये लिहिलेल्या जे यांना संस्थांमधील माणसांच्या वर्तनाचा व्यासंग होता. त्या व्यासंगाला क्लीझ यांच्या अभिनयाची जोड मिळाल्यामुळे उपदेशाच्या जागी चुकांचे हास्यजनक दर्शन घडवण्याची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना म्हणजे कंपनीचा 1976 मधील ‘मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज’ हा लघुपट होय. बैठका वाईट रीतीने चालवणाऱ्या एका व्यवस्थापकाला स्वप्नात आपल्यावर खटला भरल्याचे दिसते, आणि आरोपी व न्यायाधीश या दोन्ही भूमिका क्लीझच करतात. बैठकीचा हेतू आधी ठरवणे, तो सदस्यांना कळवणे, विषयांचा क्रम विचारपूर्वक लावणे, चर्चा मुद्द्यावर ठेवणे आणि निर्णयांची नोंद करणे हे त्यातील धडे होते. शिकणाऱ्याला स्वतःची चूक दुसऱ्याच्या ठिकाणी पाहता आल्यामुळे ती मान्य करणे सोपे जाते, हे या तंत्राचे खरे बळ होते.

याच अँटनी जे यांनी जोनाथन लिन यांच्यासह लिहिलेली ‘यस मिनिस्टर’ ही मालिका फेब्रुवारी 1980 मध्ये बीबीसीवर सुरू झाली आणि ‘यस, प्राइम मिनिस्टर’ या नावाने 1988 पर्यंत चालली. मंत्री जिम हॅकर आणि खात्याचे स्थायी सचिव, म्हणजे सरकारे बदलली तरी पदावर राहणारे सर्वोच्च सनदी अधिकारी, सर हम्फ्री अ‍ॅपलबी यांच्यातील संघर्ष हा तिचा विषय होता. प्रशिक्षणपटांनी जी कौशल्ये प्रामाणिक कामासाठी शिकवली होती, तीच कौशल्ये सत्य झाकण्यासाठी कशी वापरली जातात हे या मालिकेने दाखवले. सर हम्फ्री यांची एकात एक अडकवलेली लांबलचक वाक्ये अज्ञानातून आलेली नसतात, तर ऐकणाऱ्याला थकवून त्याचा प्रश्न विसरायला लावण्यासाठी रचलेली असतात. बैठकीचे इतिवृत्तही घडलेल्या गोष्टींची साधी नोंद न राहता सत्तेचे साधन बनते.

जानेवारी 1986 मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात सक्तीच्या लष्करी सेवेबाबतच्या जनमत चाचणीचा प्रसंग आहे. सर हम्फ्री खासगी सचिव बर्नार्ड यांना तरुणांमधील बेकारी, वाढती गुन्हेगारी आणि शाळांमधील बेशिस्त यांविषयी क्रमाने प्रश्न विचारतात आणि अखेरीस अशा सेवेला त्यांचा पाठिंबा मिळवतात. लगेच युद्धाचा धोका, शस्त्रवाढ आणि तरुणांच्या हाती बंदुका देण्यातील भय यांविषयी प्रश्न विचारून ते त्याच व्यक्तीकडून त्याच सेवेला विरोधही वदवून घेतात. सूचक प्रश्न, म्हणजे ज्याच्या शब्दरचनेत किंवा क्रमात अपेक्षित उत्तर दडलेले असते असा प्रश्न, समजावून सांगण्यासाठी सर्वेक्षणशास्त्राचे अध्यापक आजही या प्रसंगाचा आधार घेतात, कारण उत्तरांची टक्केवारी पाहण्यापूर्वी प्रश्नावली पाहिली पाहिजे हे तत्त्व त्यात मिनिटभरात स्पष्ट होते.

मालिकेचे आकर्षण ब्रिटनपुरते मर्यादित राहिले नाही. 2001 मध्ये ‘स्टार प्लस’ वाहिनीवर ‘जी मंत्रीजी’ हे तिचे हिंदी रूपांतर आले, आणि त्यात मंत्र्याची भूमिका फारुख शेख यांनी केली. ब्रिटिश नोकरशाहीची घडण भारतीय प्रशासनाच्या मुळाशी असल्यामुळे फायलींची आणि टिप्पण्यांची ती भाषा येथील प्रेक्षकाला अनोळखी नव्हती.

संवादकौशल्याचे शिक्षण आज बहुधा बोलणाऱ्यापुरतेच मर्यादित असते आणि स्पष्ट कसे बोलावे, छाप कशी पाडावी, यावर त्याचा भर असतो. जे यांच्या दोन्ही कामांचा एकत्रित इतिहास मात्र असे दाखवतो की उत्तम बोलणे हे हेतूनुसार प्रकाशही देते आणि अंधारही करते. म्हणून उत्तर टाळले गेले आहे हे ओळखणे आणि तोच प्रश्न साध्या शब्दांत पुन्हा विचारणे, हे ऐकणाऱ्याचे कौशल्य प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले गेले पाहिजे. लोकशाहीतील नागरिकाला वक्तृत्वापेक्षा त्याची गरज अधिक आहे.