विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचा, व्याजाचा, शिलकीचा हिशेब करतो. आज विषय वेगळा घेतला आहे. बाई स्वतःवर दया करायला कशी शिकते? त्यासाठी पंडिता रमाबाईंची आणि त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट सांगणार आहोत. आमच्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. ज्याचा धर्म त्याच्यापाशी. पण ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईने संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण या घरात आई शिकली आणि आईने मुलीला शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती.

त्या काळी नवरा मेला की दोष बायकोवर येई. तिच्या मागच्या जन्मीच्या पापाचे हे फळ, असे लोक म्हणत. डोक्यावरचे केस जात, जेवण एक वेळेवर येई, शुभकार्यात तोंड दाखवायला बंदी असे. रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून हे जगापुढे मांडले. लोक बोलत ते वाईटच होते. पण रोज ऐकून ऐकून बाईलाही तेच खरे वाटू लागे, हे त्याहून वाईट.

१८८३ मध्ये रमाबाई विलायतेला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या. त्या सिस्टरांचे लंडनमध्ये फुलहॅम इथे एक काम होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. त्याच बायका तिथे सावरून दुसऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. अशा बायकांना इतकी माया का लावता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाण्याला येते. पाच नवरे होऊन गेलेले, आता राहते तो नवरा नाही. शिवाय यहुदी लोक तिच्या जातीच्या लोकांशी संबंध ठेवत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी देवाधर्माचे बोलतो. त्याला तिचे सगळे ठाऊक असते, तरी तो तिला हिडीसफिडीस करत नाही. ती घागर तिथेच ठेवून गावात जाते आणि लोकांना त्याच्याकडे घेऊन येते.

ही गोष्ट रमाबाईंच्या मनात बसली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मन लगेच निवांत झाले नाही. धर्म पटला होता, तरी देवाने आपल्याला आहे तसे जवळ केले आहे ही खात्री व्हायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी पुढे लिहिले. एवढ्या विद्वान बाईला एवढा वेळ लागला. मग आपल्याला वेळ लागला तर त्यात नवल काय?

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला ‘मुक्ती’ उभे राहिले. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे वेगळे घर होते, त्याचे नाव कृपा सदन.

तिथे नुसते सांत्वन नव्हते. पोटभर जेवण होते, अक्षरओळख होती, शेती, विणकाम, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल केले, ते छापायला याच बायकांचे हात लागले. आपण पापीण, पांढऱ्या पायाची, असे ऐकत वाढलेली बाई खिळे जुळवून पान छापते, तेव्हा स्वतःकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागते.

ख्रिस्ती धर्मात शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितले आहे, आणि त्याचे माप स्वतःवरचे प्रेम हे आहे. आपण शेजारणीला जपतो, पण स्वतःला शिव्या देतो. अंगात ताप असताना कामावर जातो, सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खातो, पीक बुडाले तरी ‘माझंच नशीब फुटकं’ म्हणतो.

म्हणून येत्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटे काढू. प्रत्येकीने मनाला लागलेली एक गोष्ट आठवायची. हेच शेजारणीवर आले असते तर आपण तिला काय बोललो असतो? तेच शब्द मग स्वतःला सांगायचे. बोलावेसे वाटेल तिने मोठ्याने बोलावे, नको वाटेल तिने मनात. गटात कुणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली मैत्रीण असेल, तर तिच्या शेजारी बसायला विसरू नका.