आगीचा विमा, पुराचे पाणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास उणापुरा ७४! जिला आपण इतकी वर्षे नालाच समजत आलो होतो, ती मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिन्याच्या घरांत शिरली.

आपल्याकडे घराचा विमा आगीच्या नावाने चालत आला. त्या वेळच्या 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' पॉलिसीत वादळ आणि पूर अंतर्भूत असत. परंतु ही जोखीम वगळून घेतली तर हप्त्यात सूट मिळे. चार पैसे वाचावेत म्हणून ज्याने ती वगळली, त्याच्या हाती कागद उरला, पण पाण्यापुढे तो कागद कोराच. शिवाय सोसायटीने इमारतीचा विमा उतरविला म्हणजे आपल्या कपाटाचाही उतरला, ही आणखी एक भाबडी समजूत! विमा भिंतींचा, भिजलेल्या गाद्या आणि मुलांची पुस्तके ज्याची त्याने पाहावीत.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आणली. तीत पूर मूळ करारातच आहे. घर व सामान यांचा एकत्र विमा घेतल्यास इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, फार तर १० लाख रुपये, सामानासाठी आपोआप धरले जातात. त्याहून अधिक हवे तर यादी द्यावी लागते. भाडेकरूस नुसत्या सामानाचाही विमा उतरविता येतो.