दारिद्र्याचा दोष कोणाचा? : एका जुन्या आरोपाची फेरतपासणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या सरांच्या हाताखाली बडोद्यातील याच शाळेत सुमारे साठ वर्षांपूर्वी मी मराठी आणि इतिहास शिकलो. आजचा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो सरांनीच मला दिला आहे, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. प्राध्यापकीच्या पहिल्या वर्षी वर्गात पेंगणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी सर्वांदेखत सुनावले होते, "तुझ्यासारखे आळशी लोकच जन्मभर दरिद्री राहतात." तो मुलगा पुन्हा माझ्या तासाला आला नाही. तो रात्रपाळीचे काम करून सकाळी महाविद्यालयात येत असे, हे मला नंतर कळले. मी ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले, "अरे, रोखा वाचल्याशिवाय ऋणकोला बोल लावू नये." आणि दख्खनच्या दंग्यांविषयीचा चौकशी अहवाल वाचावयास सांगितले. आजचे विवेचन म्हणजे त्या वाक्याचे भाष्य होय.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. हे लोण लवकरच त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की जमावाची मुख्य मागणी कागदांची होती. कर्जरोखे आणि न्यायालयाचे हुकूमनामे हाती आले, की ते जाळून लोक बहुधा परत फिरत. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांचा सारा रोष अक्षरांवर होता, हे विसरून चालणार नाही.

शेतकरी कर्जबाजारी का होतो, याचे एक उत्तर त्या काळच्या अधिकाऱ्यांजवळ आणि सुशिक्षितांजवळ तयार होते : तो उधळ्या आहे, लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च करतो, उद्याचा विचार करत नाही. चौकशी आयोगाने मात्र सावकारांच्या वह्या आणि शेतकऱ्यांची खाती तपासली. लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. तो खर्च खात्यात दिसतो, परंतु कर्जाचे मूळ क्वचितच असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. परक्या सरकारच्या आयोगाने काढलेला हा निष्कर्ष आपल्या घराघरांतील बैठकीत अद्याप पोहोचलेला नाही.

मग मूळ कोठे होते? रयतवारी पद्धतीत जमीन शेतकऱ्याच्या नावे झाली, आणि म्हणूनच ती तारण ठेवता येऊ लागली, लिलावातही निघू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले. सावकाराने हात सैल सोडला, शेतकऱ्याने उचल घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले, परंतु फेरआकारणीत वाढलेला सारा मात्र नगदीने भरावाच लागे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. उधळपट्टी न करता, केवळ कालगतीने, कर्ज वाढत जाई.

येथवर कारणे सामाजिक आणि आर्थिक झाली. मानसिक कारणांचे काय? ती नाहीत असे मी म्हणणार नाही. न्यायालयात असंख्य दावे एकतर्फी निकालात निघाले, कारण प्रतिवादी शेतकरी हजरच होत नसे. याला कोणी बेफिकिरी म्हणेल. परंतु कचेरीचे अंतर, बुडणारा दिवस, वकिलाचा खर्च, कागद वाचता न येण्याची लाज आणि "आपले ऐकणार कोण?" ही अनुभवाने पक्की झालेली समजूत यांची बेरीज करा, त्या गैरहजेरीचा अर्थ बदलतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी कापणीपूर्वी आणि कापणीनंतर घेण्यात आली होती. तोच शेतकरी हातात पैसा नसताना चाचणीत मागे पडे आणि पैसा आल्यावर पुढे जाई. माणूस तोच, बुद्धी तीच. चिंतेने ती व्यापून टाकलेली. म्हणजे ज्याला आपण दारिद्र्याचे कारण समजतो, ते अनेकदा त्याचे कार्य असते, आणि मग तेच पुन्हा कारण होऊन बसते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशांवर जबाबदारी टाकली, की केवळ रोख्यावरील आकडा न पाहता त्या व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. सरांच्या वाक्याचा उगम मला येथे सापडला.

महात्मा फुले आणखी खोल गेले. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या अज्ञानामागे विद्येपासून त्याला दूर ठेवणारी समाजव्यवस्था उभी आहे, हे दाखविले. हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला होता. कवळाण्याच्या शेतकरी घराण्यातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले.

तथापि शिक्षणाने सर्व साधते, असा भाबडेपणाही नको. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, पद होते, वेतन होते. या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत काढलेल्या दिवसांचा शेवट त्यांना तेथून हुसकावण्यात झाला. पुढल्याच वर्षी, १९१८ मध्ये, लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी लिहिले, की दोष केवळ तुकड्यांच्या आकाराचा नाही. भांडवल अपुरे आणि शेतीवर अवलंबून असलेले हात अतोनात, हे खरे दुखणे आहे. कष्टाळूपणा असूनही कामच नसेल, तर आळसाचा आरोप कोणावर करावयाचा?

मित्रहो, आपण बडोद्याची मराठी माणसे सयाजीरावांचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. परंतु त्या धर्मशाळेची आठवणही आपलीच आहे. अभिमान आणि शरम दोन्ही एकाच वारशात येतात.

शिक्षकमित्रांना एवढीच विनंती, की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला काही बोलण्यापूर्वी तो रात्री कोठे होता, हे विचारावे. मी विचारले नाही. नंतर त्याचा शोध घेतला, तो सापडला नाही. माझ्या नावावरचा तो रोखा अजून फिटलेला नाही. तो आज आपणा सर्वांसमोर मान्य करून मी आपली रजा घेतो.