लग्नाच्या वाढदिवसाची युरोप सहल : मार्ग, व्हिसा आणि वेळापत्रक कसे ठरवावे?

लग्नाला दहा, पंचवीस किंवा चाळीस वर्षे झाली म्हणून दोघांनीच युरोपला जाऊन यावे, असा विचार अनेक घरांत होतो. ग्रुप टूरमध्ये सगळे आयते मिळते. स्वतः आखलेल्या सहलीत वेग आपला असतो, पण क्रम चुकला तर पैसे अडकतात. बरेच जण आधी स्वस्त विमान तिकीट पाहतात, मग शहरे ठरवतात आणि शेवटी व्हिसाकडे वळतात. खरे तर आधी रात्री मोजाव्यात, मग शहरे, मग व्हिसा आणि सर्वांत शेवटी परत न मिळणारे पैसे भरावेत. असे का, ते नाशिकहून निघणाऱ्या जोडप्याच्या उदाहरणाने पाहू.

शहरे नव्हे, रात्री मोजा

दोन आठवड्यांच्या रजेत प्रवासाचे दिवस वजा केले की साधारण १२ रात्री हातात राहतात. शहर बदलायचे म्हटले की सामान भरणे, हॉटेल सोडणे, स्टेशन गाठणे आणि नवे हॉटेल शोधणे यात किमान अर्धा दिवस जातो. त्यामुळे १२ रात्रींसाठी तीन किंवा चार शहरे पुरेशी आहेत.

एक नमुना मार्ग असा : पॅरिस ४, लुसर्न ३, फ्लोरेन्स २ आणि रोम ३ रात्री. पॅरिसहून लुसर्नला बाझेलमार्गे रेल्वेने साधारण पाच तास लागतात. लुसर्न ते फ्लोरेन्स मिलानला गाडी बदलून सहा तासांच्या आसपास, तर फ्लोरेन्स ते रोम सुमारे दीड तास. पॅरिसला उतरून रोमहून परतायचे, म्हणजे पुन्हा पॅरिसला जाण्यात एक दिवस वाया जात नाही. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की असे तिकीट मिळते.

व्हिसा कोणत्या देशाचा?

शेंगेन व्हिसावर २९ देशांत फिरता येते. मात्र अर्ज एकाच देशाकडे करायचा असतो : जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम समान असेल, तर जिथे प्रथम प्रवेश कराल त्या देशाकडे.

वरच्या मार्गात फ्रान्समध्ये ४, स्वित्झर्लंडमध्ये ३ आणि इटलीत दोन शहरे मिळून ५ रात्री आहेत. म्हणून विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज इटलीकडे जाईल. आता रोमची एक रात्र कमी करून पॅरिसला दिली, की फ्रान्स ५ आणि इटली ४ होते. अर्जाचा देशच बदलतो. अपॉइंटमेंट घेतल्यावर असा बदल केला तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागू शकते. म्हणून रात्रींचे गणित आधी पक्के करा.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

अर्ज करताना

- प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटची मर्यादा १५ दिवस आधीची आहे, पण तिच्यावर विसंबू नये. निर्णयाला साधारण १५ दिवस आणि काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लागतात.
- प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, म्हणजे दोघांचे १८०. अर्ज केंद्राचे सेवा शुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.
- प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास तो विम्यात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.
- पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

पासपोर्टचे काम नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होते. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मात्र नाशिककरांना सहसा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. नवरा-बायकोचे अर्ज स्वतंत्र असतात, त्यामुळे दोघांच्या अपॉइंटमेंट शक्यतो एकाच दिवशी घ्या.

नावाचा घोळ आधी सोडवा

आपल्याकडे लग्नानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव, कधी कधी पहिले नावही बदलते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बँक खाते सासरच्या नावाचे आणि विवाह प्रमाणपत्रच काढलेले नाही, अशी स्थिती विरळा नाही. पासपोर्टवर नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती नाही. पण तिकीट, विमा आणि हॉटेल आरक्षण पासपोर्टवरील नावानेच हवे, मधल्या नावासकट. पत्नीचा खर्च पती करणार असेल किंवा उलट असेल, तर नाते दाखवणारा पुरावा जोडावा लागतो. विवाह नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या. नाव बदलून नवा पासपोर्ट काढायचा असेल, तर तेही व्हिसाच्या अर्जाआधी.

उत्पन्नाचे कागद

नोकरदारांना पगारपत्रक, रजा मंजुरीचे पत्र, आयकर विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंट पुरते. द्राक्ष बागायतदारांची अडचण वेगळी असते : शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने विवरणपत्रात फारसे दिसत नाही. अशा वेळी सातबारा उतारा, विक्रीच्या पावत्या आणि त्या रकमा बँकेत जमा झाल्याची नोंद, हे सारे इंग्रजी भाषांतरासह जोडावे. अर्जाच्या तोंडावर कुणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात आणून ठेवू नका. तिचा स्रोत सांगता आला नाही तर शंका वाढते.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेले विनाशुल्क रद्द करता येणारीच घ्या. व्हिसा नाकारला गेल्यास कारण लेखी मिळते आणि अपील करता येते.

तारीख की ऋतू?

आपल्याकडची बरीच लग्ने तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. त्या काळात पॅरिसला संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो, तर जूनमध्ये रात्री दहाच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील अनेक डोंगरी रोपवे देखभालीसाठी बंद असतात. उलट, नाताळचे बाजार नोव्हेंबरअखेरीपासूनच पाहायला मिळतात. डोंगर पाहायचेच असतील, तर सहल जून किंवा सप्टेंबरमध्ये न्यावी आणि वाढदिवस घरी साजरा करावा. तारीख सहलीतच येत असेल, तर तो दिवस प्रवासाचा नसावा, एवढे पाहा.

संग्रहालयांची सुटीही तपासा. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते. व्हॅटिकन संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात.

पैसे आणि प्रवास

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण तिथले चलन फ्रँक आहे. फ्रान्स आणि इटलीतील वेगवान गाड्यांची तिकिटे तारीख जवळ येईल तशी महागतात, त्यामुळे व्हिसा मिळताच ती काढा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतला जातो. तो पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

ओझरहून देशांतर्गत विमाने आहेत, पण ओझरचे आणि युरोपचे तिकीट वेगवेगळे काढले आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते. मुंबईला रस्त्याने जाताना हाताशी भरपूर वेळ ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या गर्दीचाही विचार करावा लागेल.

युरोपात उतरल्यावर पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागू शकतो, म्हणून उतरल्यावर लगेचची रेल्वे घेऊ नका.

दोघांचे वेळापत्रक

प्रत्येक शहरात दोघांनी आपापली एकेक न चुकवायची जागा आधी कागदावर लिहावी. तेवढ्याच जागांची तिकिटे आगाऊ काढावीत. एकाला चालायला आवडते आणि दुसऱ्याचे गुडघे दुखतात, हे हॉटेल निवडतानाच लक्षात घ्या : जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही. आणि बारा दिवसांत एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, म्हणजे थकवा, पाऊस किंवा चुकलेली गाडी यांपैकी काहीही आले तरी बाकीची आखणी कोलमडत नाही.